पत्राची थैली आणि मोबाईलची नोंद

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात अमरावती येथे अकोल्याच्या एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला "विद्यार्थी आणि मोबाईल" असा विषय सुचविला होता. मोबाईलने मुले बिघडतात की सुधारतात, यावर आपण पालक घरी रोजच व्याख्यान देत असतो आणि मुलेही ते रोज मोबाईल पाहत पाहतच ऐकून घेतात. त्यात माझी भर कशाला? मी कोर्टात उभा राहणारा मनुष्य आहे. तेव्हा कोर्टाच्या पायरीवरून या यंत्राचे जे रूप दिसते तेवढेच आपल्यापुढे ठेवावे असे मी ठरविले. आपल्या मोबाईलच्या वापराची नोंद कोठे तरी राहते. ती कोण मागू शकतो, कोणाच्या सहीने मागू शकतो, आणि ती आपल्याला मारते की तारते, एवढाच माझा आजचा विषय आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये या अमरावती शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली आणि काही दिवस इंटरनेट बंद राहिले. मे २०२३ मध्ये आमच्या अकोल्यात तेच झाले. तिथे तर समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून ठिणगी पडली, एकाचा जीव गेला आणि शंभराहून अधिक लोक अटकेत गेले. त्या दिवसांत इंटरनेट बंद पडल्याची तक्रार सर्वांनी केली. दुकानदाराचे पैसे अडकले, मुलांचे अर्ज राहिले. नळ बंद झाला की घरात लगेच कळते. पण नळ चालू असताना बाहेरचे मीटर फिरत असते, त्याची आठवण कोणाला येत नाही. मी त्या मीटरविषयी बोलणार आहे.

आपण फोन लावला की कोणी, कोणाला, किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून लावला याची नोंद कंपनीकडे होते. तिला पोलिसांच्या आणि वकिलांच्या भाषेत सीडीआर म्हणतात. इंटरनेट चालू केले की त्या वेळेपुरता एक क्रमांक मिळतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. कोणत्या वेळी तो कोणाकडे होता याचीही नोंद राहते. सरकारच्या परवान्याच्या अटीप्रमाणे या नोंदी पूर्वी निदान एक वर्ष ठेवाव्या लागत. डिसेंबर २०२१ मध्ये ती मुदत दोन वर्षे करण्यात आली. आपण आपल्या हातातल्या फोनमधून काहीही पुसून टाका, कंपनीच्या वहीतली ओळ पुसली जात नाही.

आता पालकांनी जरा लक्ष द्यावे. आपल्याकडे घरातली चार-पाच सिमकार्डे बहुधा वडिलांच्या किंवा मामांच्या नावावर असतात. पोरगा कॉलेजात, पोरगी अकरावीत, आणि कागदोपत्री सर्व फोन एकटे अब्बाच वापरतात! तपास सुरू झाला की पहिली नोटीस ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्या दारावर येते. आणि नावाची चूक कोठवर जाऊ शकते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. २००७ साली ऑर्कुट नावाच्या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी कोणी तरी आक्षेपार्ह मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी आयपी पत्ता मिळविला, तो त्या वेळी कोणाकडे होता हे इंटरनेट कंपनीला विचारले आणि कंपनीने दिलेल्या नावाप्रमाणे बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. कंपनीने दिलेले नावच चुकीचे होते. तो निरपराध मुलगा येरवड्याच्या तुरुंगात पन्नास दिवस राहिला. या प्रकरणात पोलिसांनी कोणाचे घर फोडले नाही, की कोणावर पाळत ठेवली नाही. एक मागणीपत्र गेले, एक उत्तर आले, आणि त्या उत्तरावर कोणी दुसऱ्यांदा नजर फिरविली नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, अठरा वर्षे पूर्ण झाली की आपले सिम आपल्या नावावर करून घ्या. आणि पालकांनी सरकारच्या "संचार साथी" संकेतस्थळावर जाऊन आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे एकदा तपासावे. एखादे अनोळखी निघाले तर तेथेच तक्रार करता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही नोंद मागण्याचा अधिकार कोणाला? येथे कायद्याची एक गंमत आहे, आणि मला ती फारशी गमतीची वाटत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ९१ आणि ९२ अशी दोन कलमे शेजारी-शेजारी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ती ९४ आणि ९५ झाली आहेत. पहिल्या कलमाप्रमाणे न्यायालय समन्स काढून किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने कोणताही दस्तऐवज किंवा वस्तू मागवू शकतो. नव्या संहितेत त्यात इलेक्ट्रॉनिक संदेशवहन आणि त्याची साधनेही स्पष्ट शब्दांत घातली आहेत. मात्र त्याच कलमात एक अपवाद आहे. पोस्टाच्या ताब्यात असलेले पत्र, पोस्टकार्ड किंवा पार्सल या रीतीने मागता येत नाही. त्यासाठी पुढचे कलम. तेथे जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचाच हुकूम लागतो. पोलीस अधीक्षकसुद्धा तोवर फक्त शोध घेऊन पत्र अडवून ठेवा एवढेच सांगू शकतो.

म्हणजे बडनेऱ्याच्या स्टेशनवर थैलीत पडलेले उघडे पोस्टकार्ड, जे पोस्टमन वाटेत वाचून काढतो, ते मिळविण्यासाठी मोठ्या अधिकाऱ्याची सही पाहिजे. आणि आपण वर्षभर कोणाशी बोललो, रात्री कोणत्या टॉवरखाली होतो, कोणत्या दवाखान्यात फोन केला, ही सारी नोंद ठाणेदाराच्या पत्रावर मागता येईल. खात्यांतर्गत सूचनांनी यावर काही बंधने घातली आहेत हे मला माहीत आहे. पण सूचना म्हणजे कलम नव्हे. इंग्रजाने पत्राची जेवढी बूज राखली तेवढी आपण मोबाईलची राखलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष बोलणे चोरून ऐकावयाचे असेल तर गोष्ट निराळी. तेथे १८८५ चा तार कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. पुष्कळांची समजूत अशी की फोन टॅप करण्याचा हुकूम न्यायाधीश देतात. तसे नाही. आपल्या देशात तो गृहसचिव देतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल प्रकरणात त्याला मर्यादा घातल्या: हुकूम लेखी व सकारण हवा, तो दोन महिन्यांपुरता, वाढविला तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि तो एका समितीने तपासावयाचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यापाऱ्याच्या प्रकरणात गृह खात्याचे असे तीन हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. आरोप लाचेचा होता. न्यायालयाचे म्हणणे असे की सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीच नसताना हा अधिकार वापरता येत नाही. गुन्हा पकडण्याची इच्छा कितीही चांगली असो, दार कायद्याने सांगितलेल्या किल्लीनेच उघडले पाहिजे.

या ठिकाणी मला आपल्या वऱ्हाडच्या एका माणसाचे नाव घ्यावयाचे आहे. ते आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसावे, आणि ही आपली उणीव आहे. काझी सय्यद करीमुद्दीन. यवतमाळकडचे वकील, मध्यप्रांत व वऱ्हाडातून घटना समितीवर गेलेले सदस्य. डिसेंबर १९४८ मध्ये, आज ज्याला आपण राज्यघटनेचे कलम २० म्हणतो त्यावर चर्चा चालू असताना, काझीसाहेबांनी एक दुरुस्ती मांडली. नागरिकाचा देह, त्याचे घर, त्याचे कागदपत्र आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती आणि जप्ती होता कामा नये. वॉरंट निघावयाचे तर सबळ कारणावरून, शपथेवर निघावे, आणि त्यात कोणती जागा व कोणती वस्तू हे नेमके लिहिलेले असावे, असा तिचा आशय. अमेरिकेच्या घटनेत अशी तरतूद आहे. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४७ मध्ये आपल्या निवेदनात असेच कलम सुचविले होते. काझीसाहेबांच्या दुरुस्तीवर उत्तर देताना बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. त्यांचे म्हणणे असे की ही गोष्ट फौजदारी संहितेत आहेच, पण उद्याचे विधिमंडळ ती काढून टाकू शकेल. म्हणून ती विधिमंडळाच्या हाताबाहेर, घटनेतच असणे इष्ट.

एवढे होऊनही मतदानात ती दुरुस्ती फेटाळली गेली. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी, आपल्या घटनेत अमेरिकेसारखे कलमच नाही, तेव्हा झडतीविरुद्ध खासगीपणाचा हक्क आम्ही कोठून आणावा, अशा अर्थाचा निर्णय दिला. १९६२ मध्ये खरकसिंग प्रकरणात पुन्हा तोच सूर निघाला. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि त्या निकालपत्रात काझीसाहेबांच्या दुरुस्तीची चर्चा आहे. वऱ्हाडातल्या एका मुस्लिम वकिलाने सुचविलेले तत्त्व देशाच्या पदरात पडावयास एकोणसत्तर वर्षे लागली. आपल्या शाळांतून त्यांच्या नावे निदान एखादी निबंध स्पर्धा तरी व्हावी, असे मी येथे बसलेल्या पदाधिकाऱ्यांना सुचवून ठेवतो.

आपल्या घरातल्या मुलांना परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये हे आपण सूरह नूरच्या आधारे लहानपणीच शिकवितो, आणि सूरह हुजुरातने तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या आतल्या गोष्टी उकरणे, निषिद्ध ठरविले आहे. मात्र हा नियम आपण पोलिसांना ऐकविण्यापूर्वी स्वतःला ऐकवावा. लग्नाची बोलणी चालू असली की मुलीच्या किंवा मुलाच्या फोनची माहिती "कोणा ओळखीच्याकडून" काढण्याचा मोह लोकांना होतो. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. नोंद साठविली की ती कोठून तरी गळतेच, आणि गळलेली नोंद विकत घेणाराही गुन्हेगारच.

इतके ऐकल्यावर एखादा पालक म्हणेल, वकीलसाहेब, मग या नोंदी ठेवूच नयेत असा कायदा का करीत नाहीत? येथे मला थांबावे लागते, कारण याच नोंदींनी निरपराधाला वाचविता येते.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. शेकडो घरे उद्ध्वस्त झाली, आणि त्या घरांना खरा गुन्हेगार कोण हे कळण्याचा हक्क आहे, हे प्रथम म्हटले पाहिजे. त्या खटल्यातील आरोपींनी स्वतःच्याच फोनच्या नोंदी मागितल्या, आपण त्या वेळी कोठे होतो हे दाखविण्यासाठी. सरकारपक्षाने विरोध केला. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना दूरध्वनी कंपन्यांकडून त्या नोंदी मागविण्याची मुभा दिली. मध्ये सहा वर्षे गेली होती. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविले नाही. या खटल्याच्या इतर अंगांविषयी मी बोलत नाही. मला फक्त एवढेच दाखवावयाचे आहे की ज्या कागदाची आरोपीला भीती वाटावी असे आपण समजतो, तोच कागद आरोपी स्वतः मागत होता.

याच मुद्द्यावर आपल्या शेजारच्या जालन्याच्या एका प्रकरणाने देशभराचा कायदा घडविला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचे नामनिर्देशनपत्र वेळेनंतर घेतले गेले, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाचा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि ते अधिकारी वारंवार मागूनही देईनात. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र आवश्यक आहेच असे सांगितले, पण पक्षकाराने आपल्या परीने सर्व प्रयत्न केले असतील तर अशक्य गोष्टीसाठी कायदा त्याला अडवीत नाही, असेही ठरविले. आणि त्याच निकालात न्यायालयाने मोबाईल व इंटरनेट कंपन्यांना सर्वसाधारण आदेश दिला: तपासात एखादी नोंद जप्त झाली असेल, तर त्या कालावधीच्या संबंधित नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात, म्हणजे बचावपक्षालाही त्या पुढे मागविता येतील.

न्यायालयाने नोंदी राखण्याचा हुकूम देणे हे असे दुधारी असते. हुकूम किती रुंद आहे हे पाहावे लागते. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने चित्रपट कंपनीच्या दाव्यात यूट्यूबला आदेश दिला की कोणी कोणता व्हिडिओ पाहिला याची सर्व नोंद फिर्यादीला द्या. जगभरच्या प्रेक्षकांचा त्या भांडणाशी काय संबंध? ओरड झाल्यावर नावे व आयपी पत्ते झाकून देण्यावर तडजोड झाली. मे २०२५ मध्ये त्याच शहरात वृत्तपत्राच्या दाव्यात, चॅटजीपीटीवर लोकांनी पुसून टाकलेली संभाषणेसुद्धा राखून ठेवा, असा आदेश झाला. तो काही महिन्यांनी उठला. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कितीजण गृहपाठापासून मनातल्या दुःखापर्यंत सर्व काही त्या यंत्राला सांगतात, हे मी हात वर करावयास सांगून विचारणार नाही! काझीसाहेबांच्या दुरुस्तीतला "नेमकी जागा, नेमकी वस्तू" हा आग्रह येथे आठवावा. एका माणसाची, एका दिवसाची नोंद मागणे निराळे आणि एका टॉवरखालच्या अख्ख्या मोहल्ल्याची मागणे निराळे.

व्हॉट्सॲपचा वाद थोडक्यात सांगतो. पूर्वी कापसाचे व्यापारी भावाच्या तारा सांकेतिक शब्दांत करीत, कारण तारमास्तर मजकूर वाचतो हे सर्वांना ठाऊक होते. व्हॉट्सॲपचा संदेश असाच कुलूपबंद जातो आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे किल्ली तिच्याकडेही नसते. २०२१ च्या नियमांप्रमाणे न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश झाल्यास संदेश प्रथम कोणी पाठविला हे मोठ्या कंपन्यांना सांगता आले पाहिजे. त्याविरुद्ध कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मात्र कुलूप कितीही मजबूत असो, गटातल्या पन्नास जणांपैकी एकाचा फोन उघडला की सारा मजकूर उघडाच. गटप्रमुखांसाठी एक दिलासा आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात आपल्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ठरविले की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज, गटप्रमुखाला गुन्हेगार धरता येत नाही. पण स्वतः पुढे पाठविलेल्या मजकुराला हा दिलासा नाही.

आता शेवटचे, अगदी व्यवहाराचे. पोलिसांनी फोन मागितला तर आरडाओरडा करू नका, पळू नका, आणि काहीही पुसू नका. पुसणे हाच पुढे पुरावा होतो. लेखी नोटीस मागा. फोन जप्त झाला तर जप्तीच्या यादीची प्रत मागा. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण व्हावयास पाहिजे. साक्षीदार म्हणून चौकशीला स्त्रीला, तसेच पंधरा वर्षांखालील मुलाला किंवा साठ वर्षांवरील गृहस्थाला ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी येऊनच विचारावे लागते. हे कलम १७९ आयांनी पाठ करून ठेवावे.

आणि घरातल्या कोणावर चुकीचा आरोप आला, मुलगा त्या वेळी तेथे नव्हताच असे आपणास ठाऊक असले, तर जामिनाच्या धावपळीत एक अर्ज विसरू नका. त्या दिवसाच्या त्याच्या फोनच्या नोंदी कंपनीने राखून ठेवाव्यात असा अर्ज वकिलामार्फत न्यायालयात लगेच द्या. तारीख, वेळ आणि फोन क्रमांक त्यात स्पष्ट लिहा. कंपनीवर नोंद ठेवण्याचे बंधन दोन वर्षांचे आहे आणि आपल्याकडे पुष्कळदा खटला उभा राहण्यासच त्याहून अधिक काळ जातो.

 कोणाला काही विचारावयाचे असल्यास मी येथेच बसलो आहे.